लोखंडी सावरगावच्या इमारती

बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातल्या लोखंडी सावरगावात सरकारी दवाखान्याच्या मोठ्या इमारती आहेत. एक स्त्री रुग्णालयाची, दुसरी वृद्धांच्या आणि मानसिक आजारांच्या उपचार केंद्राची. डॉ. विमल मुंदडा आरोग्यमंत्री असताना त्यांच्या पाठपुराव्यातून ही कामे मंजूर झाली. बांधकाम झाले, पण दवाखाने सुरू होईनात. वर्षे गेली आणि २०२० मध्ये कोरोना आला, तेव्हा त्याच भिंतींच्या आत हजार खाटांची सोय करावी लागली. ज्या डॉक्टर बाईंनी या कामांचा आग्रह धरला, त्यांना जाऊन तोवर आठ वर्षे झाली होती.

विमलताई पहिल्यांदा निवडून आल्या १९९० मध्ये, केजमधून, भाजपकडून. केज हा अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ. १९९५ मध्ये पुन्हा भाजप, १९९९ मध्ये राष्ट्रवादी, मग २००४ आणि २००९. पक्ष बदलला तरी केजने त्यांना सलग पाच वेळा विधानसभेत पाठवले. मार्च २०१२ मध्ये, आमदार असतानाच, आजारपणात त्यांचे निधन झाले.

२००४ नंतरच्या विलासराव देशमुख सरकारात त्या सार्वजनिक आरोग्यमंत्री होत्या. याच काळात, २००५ मध्ये, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि ‘आशा’ ताई गावोगाव दिसू लागल्या. योजना दिल्लीची होती. पण ती वाडी-तांड्यापर्यंत नेण्याची जबाबदारी राज्याच्या आरोग्य खात्याची, म्हणजे त्यांचीच होती. राहिला प्रश्न लोखंडी सावरगावच्या स्त्री रुग्णालयाचा. अंबाजोगाईला १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे आजूबाजूच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. एवढे मोठे रुग्णालय हाताशी असताना बायांसाठी वेगळा दवाखाना कशाला, असे विचारणाऱ्याने बीडच्या बायांचे जगणे पाहिलेले नसते.

दसरा झाला की बीडची गावे रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जाते. पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलाव्या लागतात, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे अंगावर काढायचे, आणि शेवटी कोणीतरी सांगते, ‘पिशवी काढून टाक.’ २०१९ मध्ये हा प्रश्न गाजला, तेव्हा जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. दर सहा बायांमागे एक. त्यानंतर खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. परवानगीने नको ती शस्त्रक्रिया थांबेल, पण दुखणे थांबायला आधी नीट तपासणारी डॉक्टर लागते.

दुसरा आकडा त्याहून जिव्हारी लागणारा आहे. २००१ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७, राज्यात सर्वांत कमी. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, कायदा करणारे राज्य महाराष्ट्रच. २००१ ते २०११ या दहा वर्षांत विमलताईंच्या मंत्रिपदाची वर्षेही येतात. त्या स्त्री होत्या, डॉक्टर होत्या आणि बीडच्या होत्या. म्हणूनच त्यांच्याबद्दल आदर ठेवूनही हे लिहिले पाहिजे. सोनोग्राफीच्या खोलीत काय चालते यावर नजर ठेवणे हे खात्याचे काम होते आणि त्यात खाते कमी पडले.

आता त्यांच्या सूनबाई नमिता मुंदडा केजच्या आमदार आहेत, २०१९ पासून. घरातला वारसा सांगायचा असेल तर तो लोखंडी सावरगावात सांगता येईल. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि परिचारिकांची किती पदे मंजूर आहेत आणि त्यांतली किती भरलेली आहेत, हा प्रश्न त्यांनी विधानसभेच्या प्रत्येक अधिवेशनात विचारावा. उत्तर मराठीत, मोठ्या अक्षरांत, दवाखान्याच्या दारावर लावावे. आणि कोयता उचलण्याआधी, दसऱ्याच्या आतच, जाणाऱ्या प्रत्येक बाईची तिथे एकदा तपासणी व्हावी. उसाच्या फडावर गेल्यावर तिला सहा महिने दवाखाना दिसणार नसतो.