लवकर लाल होणारा चेहरा आणि त्याला मानवणारा लेप

चेहरा हा मनाचा आरसा आहे असें आपण म्हणतों, आणि त्या म्हणण्यावर विसंबून पुष्कळदां दुसऱ्यावर अन्यायहि करतों. स्वयंपाकघरांतून बाहेर आलेल्या सुनेचे गाल लाल दिसले कीं तिला राग आला आहे असें घरांतलें कोणी तरी ठरवून टाकतें. कचेरींतून परतणाऱ्या गृहस्थाचें नाक नेहमीं तांबूस दिसूं लागलें कीं त्याच्या संगतीविषयीं आळींत कुजबूज सुरू होते. वस्तुतः कांहीं माणसांच्या चेहऱ्याची त्वचाच अशी असते कीं ऊन, चुलीची आंच, कढत चहा, तिखट आमटी, बोचरा वारा किंवा मनाचा क्षोभ यांपैकीं कोणतेंहि एक निमित्त तिला पुरतें. ही लाली आरंभीं येते व जाते. पुढें ती मुक्कामच ठोकते. या विकारास वैद्यकांत रोझेशिया असें नांव आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'गुलाबासारखा' असा होतो. परंतु ज्याला हा विकार होतो त्याच्या वांट्याला गुलाबापेक्षां कांटेच अधिक येतात.

अशा त्वचेसाठीं स्निग्ध लेप, म्हणजे बाजारांत ज्याला मॉइश्चरायझर म्हणतात तो, कसा निवडावा, याचा विचार या महिन्यांत करावयाचा आहे. विषय प्रसाधनाचा आहे असें समजून पुरुष वाचकांनीं पान उलटूं नये. येथें प्रश्न शोभेचा नसून दाहाचा आहे, आणि घरांत कोणती डबी यावी व कोणती येऊं नये हें ठरविण्याचा भार बहुधा सर्वांवरच असतो.

प्रथम विकाराची थोडी ओळख करून घेऊं. तो बहुधा तिशीनंतर दिसूं लागतो व पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आढळतो. गाल, नाक, कपाळाचा मध्य व हनुवटी या जागा तांबूस होतात, बारीक रक्तवाहिन्या जाळीसारख्या उमटतात, व कधीं कधीं लहान पुळ्या उठतात. तारुण्यपीटिकांबरोबर दिसणारे काळ्या तोंडाचे कण मात्र यांत नसतात. कित्येकांच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखें खुपतें. याचें एकच असें कारण ठरलेलें नाहीं. रक्तवाहिन्यांचा हळवेपणा, शरीराच्या संरक्षक शक्तीची अनाठायीं धांवपळ, सर्वांच्याच चेहऱ्यावर राहणारे डेमोडेक्स नांवाचे सूक्ष्म जीव, अशा अनेक गोष्टींचा त्यांत हात असतो. हा विकार संसर्गानें पसरत नाहीं, अस्वच्छतेनें होत नाहीं. तो समूळ जात नाहीं, पण योग्य उपायांनीं ताब्यांत राहतो.

हा केवळ गोऱ्या लोकांचा रोग आहे अशी एक समजूत आहे. ती रूढ होण्याचें कारण इतकेंच कीं सावळ्या वर्णावर लाली चटकन् दिसत नाहीं. पण आग व टोचणी सावळ्या त्वचेलाहि तितकीच होते. घरांतलें कोणी माणूस 'तोंड भाजल्यासारखें होतें' असें वारंवार म्हणूं लागलें, तर आपल्याला दिसत नाहीं एवढ्यावरून तें खोटें मानूं नये. निदान त्वचारोगतज्ज्ञाकडूनच करून घ्यावें; कारण असाच तांबूसपणा इतरहि कांहीं रोगांत येतो.

आतां त्वचेच्या रचनेकडे वळूं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत त्वचेचे सात थर सांगितले आहेत. त्यांतील सर्वांत वरच्या थरास अवभासिनी असें सुंदर नांव असून त्याची जाडी साळीच्या दाण्याच्या अठराव्या हिश्शाइतकी दिली आहे. आजचें शास्त्र ज्याला त्वचेचा अगदीं बाहेरचा थर म्हणतें तो तर याहूनहि पातळ, म्हणजे एका मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाइतकाच असतो. त्याची घडण भिंतीसारखी आहे. निर्जीव पेशी या विटा आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ हा चुना. या चुन्यांत सुमारें निम्मा भाग सिरामाइड नांवाच्या स्निग्धांशांचा, सुमारें चौथा भाग कोलेस्टेरॉलचा, आणि उरलेल्यांत बराचसा मेदाम्लांचा असतो. रोझेशिया असलेल्या त्वचेंत हा चुना ठिकठिकाणीं झिजलेला असतो. त्यामुळें आंतलें पाणी उडून जातें व बाहेरचा दाहक पदार्थ आंत शिरतो. जें इतरांस सुगंधी वाटतें तेंच या माणसाला झोंबतें, तें याच कारणानें. त्यांत भर म्हणजे साबण. निरोगी त्वचा किंचित् आम्ल असते. तिचा सामू साधारण ४.५ ते ५.५ असतो, तर नेहमींच्या साबणाचा ९ ते १० असतो. तेव्हां भिंतीचा उरलासुरला चुनाहि साबण धुवून नेतो.

चांगल्या लेपाचें काम ही पडकी भिंत लिंपणें एवढेंच आहे. तें तीन प्रकारच्या द्रव्यांनीं साधतें. पहिलीं पाणी धरून ठेवणारीं. त्यांत १७७९ सालीं स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ शेले यानें शोधलेलें ग्लिसरीन आजहि अग्रस्थानीं आहे. दुसरीं भेगा भरणारीं. सिरामाइड, कोलेस्टेरॉल, स्क्वालेन हीं त्यांपैकीं होत. तिसरीं वरून झांकण घालणारीं. अमेरिकेंत रॉबर्ट चेझब्रो यानें १८७२ सालीं जिचें पेटंट घेतलें ती पेट्रोलियम जेली व डायमेथिकोन हीं या वर्गांतलीं. या तिन्ही वर्गांतील एक-एक दोन-दोन द्रव्यें ज्यांत आहेत व त्यांखेरीज फारसें कांहीं नाहीं, तो लेप उत्तम समजावा.

'फारसें कांहीं नाहीं' या शब्दांवरच सारा भर आहे. सूत्रांतली अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माइतका आनंद होतो अशी ख्याति आहे. ज्याची त्वचा हळवी आहे त्यानें डबी विकत घेतांना वैयाकरण व्हावें. घटकांची यादी जितकी आंखूड तितकी ती डबी विश्वासाची. काय आहे यापेक्षां काय नाहीं तें आधीं पाहावें. सुगंध नको, मग तो कारखान्यांतला असो वा गुलाब, चंदन, लव्हेंडर यांच्या अर्काचा असो. कापूर, पुदिन्याचें सत्त्व व निलगिरी नको. त्यांचा थंडावा फसवा असतो, घटकाभर गार वाटतें व मागाहून आग वाढते. लिंबाचा रस, फळांचीं आम्लें व खरखरीत कण घातलेलीं उटणीं नकोत. उडून जाणारें अल्कोहोल नको. मात्र सेटिल अल्कोहोल, स्टिअरिल अल्कोहोल हीं नांवें दिसलीं तर दचकूं नये, कारण तीं मेणासारख्या स्निग्ध पदार्थांचीं नांवें आहेत. सुरकुत्यांवरील रेटिनॉल असलेले लेपहि डॉक्टरांनीं सांगितल्याशिवाय घेऊं नयेत.

वेष्टनावरच्या शब्दांविषयींहि सावध असावें. 'फ्रेग्रन्स-फ्री' म्हणजे सुगंध घातलेला नाहीं; पण 'अनसेंटेड' म्हटलेल्या लेपांत मूळचा वास झांकण्यासाठीं दुसरें सुगंधी द्रव्य असूं शकतें. 'नैसर्गिक' या शब्दानें तर कांहींच सिद्ध होत नाहीं. खाजकुइलीहि नैसर्गिकच आहे.

येथें घरगुती उपायांचा प्रश्न येतो, आणि तो नाजूक आहे, कारण त्यांच्यामागें वडीलधाऱ्यांची माया असते. डाळीचें पीठ, लिंबू, मसुरीचें वाटण, दिवाळींतलें उटणें या गोष्टी धडधाकट त्वचेस खुशाल वापराव्यात. पण रोझेशियाच्या चेहऱ्यावर चोळणें हेंच मुळांत वर्ज्य आहे. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगांत अशा माणसाचा चेहरा तेवढा वगळला तर कोणताहि धर्म बुडत नाहीं. सासूबाईंनींच तसें मोठ्यानें सांगितलें तर सुनेचा संकोच आपोआप जाईल. खोबरेल हातापायांना चांगलें. चेहऱ्यावर मात्र त्यानें कित्येकांस पुळ्या येतात. तूप तांब्याच्या भांड्यांत पाण्यानें शंभर वेळां धुवून केलेलें शतधौत घृत हें आपल्याकडचें जुनें दाहशामक मलम आहे. तें वापरावयाचें तर त्यांत केशर वा अत्तर मिसळलेलें नसावें, आणि पुढें सांगितलेली परीक्षा त्यालाहि चुकूं नये.

ती परीक्षा अशी. नवा लेप आणल्यावर कोपराच्या आंतल्या बाजूस रुपयाएवढ्या जागेवर रोज दोनदां, सात दिवस लावावा. खाज, लाली वा पुरळ न आल्यास मग जबड्याच्या कडेस थोड्याशा जागीं आणखी कांहीं दिवस लावून पाहावा, व त्यानंतरच सर्व चेहऱ्यावर लावावा. एका वेळीं एकच नवी वस्तु घ्यावी. दोन घेतल्या आणि बिघडलें तर दोष कोणाचा हें कळत नाहीं. हवेचाहि विचार करावा. रत्नागिरी-मालवणच्या दमट हवेंत पातळ लेप पुरतो. विदर्भांतल्या कोरड्या उन्हाळ्यांत व नाशिककडील थंडींत दाट लेप लागतो. दाट लेपानें घाम अडून चेहरा तापत असेल तर तो कितीहि उत्तम असला तरी आपला नव्हे.

लावण्याची रीत साधी आहे. चेहरा कोमट पाण्यानें व लागल्यास साबणविरहित सौम्य द्रवानें धुवावा, मऊ पंच्यानें टिपावा, पुसूं नये. आणि त्वचा ओलसर असतांनाच लेप हलक्या हातानें पसरावा. दिवसां त्यावर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेला, एस्. पी. एफ्. ३० वा अधिक असा ऊन निवारणारा लेप अवश्य लावावा. कारण ऊन हें या विकाराचें फार मोठें निमित्त आहे. लेपानें दाह कमी होतो व औषध सोसवतें. पुळ्या किंवा डोळ्यांचा त्रास असेल तर औषधाची जागा मात्र तो घेऊं शकत नाहीं.

आतां ज्यासाठीं हा लेख मुख्यतः लिहिला ती गोष्ट. लेपाच्या नांवाखालीं पुष्कळ घरांत एक भलतीच नळी शिरते. माझ्या नात्यांतल्या एका मुलीला लग्नापूर्वीं 'चेहरा उजळेल' म्हणून कोणीसें एक मलम आणून दिलें. पंधरा दिवसांत लाली गेली, कांति आली, सर्वांनीं वाहवा केली. तीन-चार महिन्यांनीं तें थांबवितांच चेहरा असा पेटला कीं तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकवेना. त्या मलमांत स्टेरॉइड होतें. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन हीं त्यांपैकीं कांहीं नांवें. पुष्कळदां त्यांच्या जोडीला हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन असतें. कित्येक रोगांवर हीं औषधें उपकारक आहेत, परंतु चेहऱ्यावर महिनोन् महिने लावलीं तर त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या वर येतात, व हुबेहूब रोझेशियासारखा विकार जडतो. मूळचा रोझेशिया असेल तर तो दुणावतो. मलम थांबविलें कीं भडका, लावलें कीं आराम, अशा चक्रांत माणूस सांपडतें. २०१८ सालीं भारत सरकारनें अशा १४ स्टेरॉइडांचीं मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकतां येऊं नयेत असा नियम केला. पण नियम दुकानाच्या दारापर्यंत पोंचतो. घराच्या दारांत पहारा आपणच ठेवावा लागतो. आपल्या घरीं अशी नळी महिनोन् महिने वापरांत असेल तर ती एकाएकीं फेंकूनहि देऊं नये; ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावें व तो सांगेल त्या क्रमानें सोडावी.

या नळीला आपल्या घरांत वाट कोण करून देतें? गोऱ्या रंगाचें आपलें कौतुक. मुलगी पाहण्याच्या दिवशीं चेहरा उजळ दिसावा म्हणून आपण तिच्या आयुष्यभराच्या त्वचेशीं जुगार खेळतों. लवकर लाल होणाऱ्या चेहऱ्याला रंग नको आहे, सुगंध नको आहे, चमत्कार तर नकोच आहे. त्याला हवा आहे एक साधा, निर्गंध, स्वस्तांतला लेप, डोक्यावर छत्री, चुलीपुढून मधून मधून सुटका, आणि 'आज रागावलीस काय?' या प्रश्नाऐवजीं 'आज आग कमी आहे ना?' असें विचारणारें एखादें माणूस.