मेनूत गाडलेला गांधार

दिल्ली-एनसीआरमध्ये दोन कीबोर्डवाले स्टेजमागे भेटले की पुढचा अर्धा तास कसा जाणार, हे मला पाठ झालं आहे. सध्या काय वाजवतोस, रोलंडचा एक्सपीएस-३० की कोर्गची पीए? टोन कुणाकडून भरून घेतलेस? लॅपटॉप आणि कंट्रोलर नेतोस की अजून जुनंच धूड उचलतोस? नई सडकवर काय भाव लागला, लाजपत राय मार्केटमध्ये काय सांगितला? मग एक जण हेडफोन पुढे करतो आणि सांगतो, ही शहनाई ऐक, अशी कुणाकडे नाही. तीच शहनाई गाझियाबादपासून गुरुग्रामपर्यंत प्रत्येक जागरणात वाजत असते, कारण एकाच चोरलेल्या टोन पॅकवरून ती सगळ्यांच्या पेन ड्राइव्हमध्ये उतरली आहे. या अर्ध्या तासात सुराचा विषय एकदाही निघत नाही.

मी याच धंद्यात आहे. माता की चौकी, लग्नातले संगीत, मराठी मंडळांचे गणेशोत्सव, सगळीकडे बसतो. म्हणून सांगतो: आपल्या हातात आज जेवढी साधनं आहेत तेवढी आधीच्या कुठल्याही पेटीवाल्याकडे नव्हती, आणि आपल्याइतका बेसूर वाजवायचा निर्लज्जपणाही त्यांच्यातल्या एकानं केला नाही.

हार्मोनियमवरचा खटला याच शहरात चालला. ऑल इंडिया रेडिओच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचा प्रमुख असलेला इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यानं १९३८ मध्ये पेटीविरुद्ध लेख लिहिला. जानेवारी १९४० मध्ये रवींद्रनाथ टागोरांनी कलकत्ता केंद्राला पत्र लिहून पेटी हद्दपार करायला सांगितलं. लायनेल फील्डन नियंत्रक असताना १ मार्च १९४० पासून रेडिओवर पेटी बंद झाली. स्वातंत्र्यानंतर तरी ती सुटावी. पण १९५२ ते १९६२ नभोवाणी खातं सांभाळणारे बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी गृहस्थ, तेही तिला दार उघडायला तयार नव्हते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला साथीपुरती परवानगी मिळाली. एकल वादनाला त्यानंतरही कित्येक वर्षं थांबावं लागलं.

आरोप काय होते? बारा स्वर खिळे ठोकल्यासारखे एका जागी. मींड निघत नाही. गांधार-धैवत खरे नाहीत. बंदी मला अन्यायाची वाटते. एका वाद्याच्या मर्यादेची शिक्षा हजारो वादकांच्या पोटाला देणं हा कोडगेपणा होता. पण आरोप खोटे नव्हते, आणि आपल्या थोर पेटीवाल्यांनी ते खोटे असल्याचा कांगावाही केला नाही. भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसणारे गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी हातानं उत्तर दिलं. भात्याच्या दाबावर सूर फुलवला आणि मिटवला. कणांचा असा स्पर्श दिला की कानाला मींड असल्याचा भास व्हावा. आणि दरबारीचा आंदोलित गांधार आला की बोट उचलून गवय्याला मोकळी वाट दिली. कुठे वाजवायचं नाही, हे त्यांना कळत होतं.

कारागीरही गप्प बसले नाहीत. रीडचं पातं मुळाशी घासलं की स्वर उतरतो, टोकाशी घासलं की चढतो. असं घासून गांधार जागेवर आणणाऱ्या पेट्या आपल्याकडे ‘गांधार ट्यूनिंग’च्या म्हणून ओळखल्या जातात. डॉ. विद्याधर ओक यांनी तर बावीस श्रुतींची हार्मोनियमच बनवून घेतली. एका गांधारासाठी माणसं आयुष्य घालवत होती.

तो गांधार कुठे आहे? तानपुऱ्याची षड्जाची तार छेडली की तिच्या पाचव्या अंशात तो आपोआप ऐकू येतो, षड्जापासून ३८६ सेंटवर. कीबोर्ड कारखान्यातून येतो तेव्हा त्याचा गांधार ४०० सेंटवर असतो, म्हणजे चौदा सेंट चढा. गायकाचा सा काळी एक असेल, तर तानपुऱ्यातून ६९३ हर्ट्झचा गांधार निघतो आणि कीबोर्ड त्याच्या उरावर ६९८ चा ठोकतो. दोन्हींच्या भांडणात सेकंदाला पाचाहून अधिक हेलकावे उमटतात. धैवताचं अंतर तर सोळा सेंट. भूपातला अभंग गाणारी बाई या दोन गांधारांमध्ये चिरडते, शेवटी कीबोर्डला शरण जाते, कारण स्पीकर त्याचा मोठा असतो. मग विंगेत कुणीतरी म्हणतं, आज बाईंचा आवाज लागला नाही. मी हे मंडळांच्या कार्यक्रमांत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी मला संताप आला आहे.

याच्यावरचा इलाज त्या कीबोर्डाच्या पोटातच आहे. मध्यम किमतीच्या अनेक अरेंजर कीबोर्डांत आणि बहुतेक वर्कस्टेशनांत स्केल ट्यूनिंग नावाची सोय असते. सा कुठला ते निवडायचं आणि बाकीचे स्वर सेंटच्या हिशेबानं वरखाली करायचे. रीड घासायला नको, कारागीर नको, दमडी खर्च नको. मी ज्यांना ज्यांना ही सोय दाखवली त्यातल्या बहुतेकांनी त्या मेनूत कधी पाऊलच टाकलं नव्हतं. टोन भरायचा मेनू मात्र त्यांना अंधारात सापडतो.

यात कंपन्यांना शिव्या घालणं सोपं आहे; मला ते पटत नाही. अरब वादकांकडे बघा. त्यांना मकाम वाजवायला पाव स्वर हवा होता. ते अडून बसले, तेव्हा यामाहाच्या पीएसआर-ए मालिकेत आणि कोर्गच्या अरबी आवृत्त्यांत स्वर उतरवायची बटणं थेट पॅनेलवर आली. गाणं चालू असताना बोट लावा, स्वर खाली. आपल्याकडे काय आलं? सितार, ढोल, भांगड्याची स्टाइल. पीएसआर-आय ५०० मध्ये रियाझासाठी तानपुरा आणि तबला आला, तो चांगलाच आहे. पण बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिणाऱ्या देशानं पॅनेलवर गांधाराचं एक बटण मागितलं नाही. यामाहाचं भारतातलं मुख्य कार्यालय गुरुग्रामला, कॅसिओचं दिल्लीत. मेट्रोनं जाता येतं. आपण तिथे गेलो असतो तर टोन वाढवा म्हणूनच गेलो असतो.

पिच बेंडचीही तीच कथा. १९७० च्या मिनीमूग सिंथेसायझरवर डाव्या हाताला चाक आलं आणि कळफलकावर खरी मींड काढणं सोपं झालं. पेटीवाल्याचा डावा हात भाता मारण्यात अडकलेला असतो. आपला मोकळा आहे. तो मोकळा हात आपण कॉर्ड दाबून स्टाइल चालू ठेवायला लावतो, नाहीतर अंतऱ्याच्या शेवटी चाक खस्सकन ओढून टाळ्या घेतो. चाकाची मर्यादाही समजून घेत नाही: साध्या मिडीत एका चॅनलवरचे सगळे स्वर एकदम वाकतात, म्हणून षड्ज धरून ठेवून वर मींड काढायची तर दोघांना वेगळे चॅनल द्यावे लागतात. २०१८ पासून एमपीई हे मानक आहे, त्यात प्रत्येक बोटाचा स्वर स्वतंत्र वाकतो. महागडे एमपीई कंट्रोलर एनसीआरमधल्या हौशी घरांत मी पाहिले आहेत. त्यांच्यावर पोळी लाटल्यासारखं बोट फिरवून व्हिडिओ काढतात. बिहागातला तीव्र मध्यम पंचमाकडे कसा झुकतो, ते वाजवलेलं ऐकायला मिळालं नाही.

चरणजितसिंग यांचं नाव मात्र गिअरच्या गप्पांत हमखास निघतं. मुंबईच्या या वादकानं १९८२ मध्ये ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ घेऊन दहा रागांची तबकडी केली आणि २०१० च्या पुनर्मुद्रणानंतर जगानं ती डोक्यावर घेतली. आपले लोक त्यातून यंत्रांचे क्रमांक तेवढे उचलतात. मला त्यात ऐकू येतो तो एक माणूस, जो नवं यंत्र हाती आल्यावर पहिला प्रश्न विचारतो की यातून राग कसा निघेल, आणि एका स्वरातून दुसऱ्यात घसरायची सोय त्यात आहे हे शोधून काढतो.

अडचणी मला माहीत आहेत. डिसेंबरात छतरपूरच्या लॉनवर दव कळांवर साचतं, जनरेटरची घरघर केबलमधून स्पीकरात शिरते, डीआय बॉक्स मागितला तर साउंडवाला अंगावर येतो, आणि साउंड चेकचा वेळ फुलवाल्यांना दिलेला असतो. पैसे किती आणि कधी मिळतील त्याचा भरवसा नाही. आयोजकांशी यावर भांडलंच पाहिजे, मी भांडतो. पण यातल्या एकाही गोष्टीनं तुमचा गांधार चढवलेला नाही.

‘पब्लिकला कळत नाही’ हे उत्तर तर माझ्यासमोर देऊ नये. पब्लिकला सेंट कळत नाहीत, गाणं लागलं की नाही हे कळतं. आप्पा जळगावकर साथीला असताना सभागृह का स्थिर होत असे, हे समोर बसलेल्या कारकुनाला सांगता आलं नसतं. त्याला ते ऐकू येत होतं.

एक मुद्दा मी मान्य करतो. गिटार आणि कॉर्डवर चालणारं सिनेमाचं गाणं असेल तर समान अंतराचे स्वरच ठेवा. शुद्ध गांधार तिथे दुसऱ्या कॉर्डमध्ये जाऊन घात करेल. पण अभंग, नाट्यगीत, भजन, ख्याल, जिथे तानपुरा चालू आहे तिथे ही सबब नाही.

तर पुढच्या कार्यक्रमाआधी एवढं करा. गायकाला पट्टी विचारा आणि ट्रान्सपोजचं बटण न दाबता त्याच पट्टीत वाजवा. स्केल ट्यूनिंगमध्ये त्याचा सा मूळ स्वर म्हणून निवडा. शुद्ध ऋषभ चार सेंट वर, गांधार चौदा खाली, मध्यम दोन खाली, पंचम दोन वर, धैवत सोळा खाली, निषाद बारा खाली. मग तानपुरा लावून एकेक स्वर ऐका आणि रागाला हवा तसा कानानं हलवा. रजिस्ट्रेशन मेमरीत साठवा. सस्टेनच्या शेजारी एक्स्प्रेशन पेडल लावा आणि पाय भात्यासारखा वापरा. आणि दुसरा कीबोर्डवाला स्टेजमागे भेटला, तर त्याला टोन कुठून भरले हे विचारण्याआधी विचारा की त्याचा गांधार कुठे आहे.