सहा एकर भाताचा मालक नापास का होतो?

घोटीत भाताची गिरणी चालवायची म्हणजे सोयरिकीच्या उठाठेवीही आल्याच. दिवाळीनंतर आजूबाजूची गावं साळ भरडायला येतात, आणि पोती काट्यावर चढेपर्यंत कुणाच्या तरी खिशातून मुलाचा बायोडाटा निघतो. 'काकू, एखादं स्थळ असलं तर बघा.' माझ्या गल्ल्यात पावत्यांपेक्षा बायोडाटेच जास्त.

नकार पचवून बसलेल्या या मुलांच्या तोंडी अलीकडे एक नवं शास्त्र आलंय, मोबाइलवरच्या क्लिपांमधून. बाई पैसेवाल्याकडेच जाणार, लाखो वर्षांपासून असंच चालत आलंय. आणि नकार मिळाला की पुरुषाचं डोकं फिरणार, तेही निसर्गातच आहे. वर डार्विनचं नाव. म्हणून म्हटलं, हे शास्त्र जरा नीट भरडून बघावं.

त्यात तथ्य अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. जोडीदाराच्या निवडीनेही उत्क्रांती घडते, हे डार्विनने 1871 सालच्या ग्रंथात सविस्तर मांडलं. पुढे 1972 साली रॉबर्ट ट्रिव्हर्सने त्याचं गणित सांगितलं: पिलासाठी ज्याला जास्त खस्ता खाव्या लागतात, तो जोडीदार निवडताना चोखंदळ असतो, दुसरी बाजू आपसात चढाओढ करते. आमच्याकडे विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर हे दिसतं. सुगरण पक्ष्याचा नर खोपा अर्धा विणतो आणि मादीला बोलावतो. ती आत शिरून बघते, पटलं नाही तर उडून जाते. तो दुसरा खोपा विणायला घेतो. नकार पचवण्याची ही रीत मात्र क्लिपवाले सांगत नाहीत.

माणसांबद्दलही अभ्यास आहेत. डेव्हिड बस यांनी 1989 साली 37 समाजगटांतल्या दहा हजारांहून जास्त लोकांची मतं प्रसिद्ध केली. जोडीदाराच्या कमाईला बायकांनी पुरुषांपेक्षा जास्त महत्त्व दिलं होतं, हे खरं. पण 1999 साली अ‍ॅलिस ईगली आणि वेंडी वुड यांनी तीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा जिथे बायकांना बरोबरीचं स्थान जास्त, तिथे हा फरक कमी आढळला. त्यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. क्लिपमध्ये मात्र वाद नसतोच, निकालच असतो.

आता माझा गल्ला काय सांगतो ते ऐका. सहा एकर भात, विहीर, ट्रॅक्टर, समृद्धी महामार्ग झाल्यापासून जमिनीला आलेला भाव, एवढं असून मुलगा तिशी ओलांडतो. जवळच्या गोंदे गावातल्या कंपनीत कंत्राटावर लागलेला, भाड्याच्या खोलीत राहणारा मात्र उजवला जातो. मुली निव्वळ पैसा बघत असत्या तर उलटं व्हायला हवं होतं.

मग मुली बघतात काय? त्या आईकडे बघतात. जुलैचा पाऊस, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पोटऱ्यांपर्यंत चिखल. दिवसभर कमरेत वाकून रोपं खोचायची. आवणी संपेस्तोवर पायाच्या बोटांत चिखल्या होतात, रात्री त्यांना तेल-हळद लावायची आणि सकाळी पुन्हा त्याच चिखलात उतरायचं. एवढं करून सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. एक मुलगी मला म्हणाली, 'काकू, कामाला मी नाही म्हणत नाही. पण फुकटचा गडी म्हणून कशाला जाऊ?' हा हिशेब समजायला लाखो वर्षं मागे जावं लागत नाही.

शिवाय मुली कमी कुणी केल्या? 2001 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 913 मुली होत्या, 2011 मध्ये 894 राहिल्या. 2001 च्या मोजणीतली मुलं आज बाशिंग बांधायला उभी आहेत. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात तरुण नवरदेवाच्या वेषात घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेले, तेव्हा लोक हसले. मला हसू आलं नाही. गर्भातच मुली खुडल्या त्या आपणच. तिथे निसर्गाचा काय संबंध?

राहिला रागाचा मुद्दा. खून करणाऱ्यांत तरुण पुरुष सगळ्यात जास्त, हे मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन यांनी 1988 साली उत्क्रांतीच्याच अंगाने मांडलं. पण त्यांच्याच आलेखात शिकागो आणि इंग्लंड शेजारी शेजारी आहेत. वयाचा चढउतार दोन्हीकडे सारखा, खुनांचं प्रमाण मात्र शिकागोत कितीतरी पट. तरुण रक्त दोन्हीकडे तेच. फरक पडतो तो कायद्याने, शेजाराने, घरातल्या वळणाने. फेब्रुवारी 2020 मध्ये हिंगणघाटला एका प्राध्यापिकेला एकतर्फी प्रेमातून भर रस्त्यात पेटवून दिलं गेलं. त्याला कुणी निसर्ग म्हणत असेल, तर त्याचा बायोडाटा माझ्या गल्ल्यात राहणार नाही.

उपाय आपल्याच नाशिक जिल्ह्यातून निघाला होता. 1986 साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. 1992 साली सरकारनेही पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावण्याची योजना काढली. ती फाइल कुणी पुन्हा उघडेल का?

तोवर मी माझ्यापुरता नियम केलाय. बायोडाट्यात 'शेती : सहा एकर' असं असलं की विचारते, कुणाच्या नावावर? बहुतेक वेळा वडिलांच्या. म्हणजे मुलगाही मालक नाहीच. मग पुढचा प्रश्न: सुनेचं नाव कधी लावणार? 'वडिलांना विचारून सांगतो,' म्हणतात. अवश्य विचारा. त्यांचं उत्तर येईपर्यंत डार्विनला मध्ये ओढू नका.