तुकड्यांचा सराव आणि अखंड पोहणे

बंगळूर शहराच्या उत्तरेला, देवनहळ्ळीच्या बाजूस, पदुकोण-द्रविड क्रीडा केंद्रात ५० मीटर लांबीचा जलतरण तलाव आहे. अशा कोणत्याही मोठ्या तलावावर सकाळच्या सरावात एक दृश्य हमखास दिसते. काही मुले मुठी मिटून पोहत असतात. काही एकच हात चालवतात. काहींचा एक हात पुढे ताणलेला असतो आणि दुसरा हात येऊन त्याला टेकेपर्यंत तो जागचा हलत नाही. पोहण्याच्या क्रियेतील एखादा भाग वेगळा काढून तेवढाच घोटण्याच्या या पद्धतीस ‘ड्रिल’ म्हणतात. ही पद्धत जगभर रूढ आहे. परंतु तिच्यामुळे पोहण्याची ढब खरोखर सुधारते का, हा वादाचा विषय आहे.

ढबीला एवढे महत्त्व का, हे आधी समजून घेतले पाहिजे. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असते आणि वेग वाढला की त्याचा विरोध त्याहून झपाट्याने वाढतो. म्हणून केवळ बळ वाढवून जलतरणपटूला फार पुढे जाता येत नाही. बंगळूरच्या श्रीहरी नटराजने २०२१ साली रोम येथे १०० मीटर बॅकस्ट्रोकचे अंतर ५३.७७ सेकंदांत कापले. टोकियो ऑलिंपिकच्या थेट पात्रतेची मर्यादा ५३.८५ सेकंदांची होती. फरक होता अवघ्या ०.०८ सेकंदाचा. एवढ्याशा अंतरावर यश ठरत असेल, तर सरावाचा प्रत्येक तास कशासाठी खर्च होतो, याला फार मोल आहे.

ड्रिलच्या समर्थकांचे म्हणणे निराधार नाही. पोहताना हात, पाय, श्वास आणि शरीराचा कल या साऱ्यांकडे एकाच वेळी लक्ष देणे नवशिक्याला जमत नाही. मूठ मिटली की तळव्याचा आधार जातो आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागानेही पाणी मागे ढकलता येते, हे त्याला अनुभवाने कळते. हे ज्ञान शंभर सूचनांनी मिळत नाही.

तथापि दुसरी बाजूही तितकीच विचार करण्याजोगी आहे. नेलर आणि ब्रिग्ज या मानसशास्त्रज्ञांनी १९६३ साली असा सिद्धांत मांडला, की ज्या कौशल्याचे भाग एकमेकांत घट्ट गुंफलेले असतात, ते तुकड्यांनी शिकण्यापेक्षा अखंड शिकणे हिताचे असते. पोहणे हे असेच कौशल्य आहे. अमेरिकेतील क्रीडाशास्त्राचे प्राध्यापक ब्रेंट रशॉल यांनी तर ड्रिलमधील प्रगती प्रत्यक्ष शर्यतीत उतरत नाही, असे आग्रहाने प्रतिपादन केले. एक हात दुसऱ्याची वाट पाहतो, त्या ड्रिलमध्ये हा धोका स्पष्ट दिसतो. त्यातून लांब हात टाकण्याची सवय लागते, हे खरे. पण दोन हातांच्या मध्ये पडणारा खंडही अंगवळणी पडू शकतो. त्या क्षणी शरीराला पुढे नेणारा रेटा थांबतो आणि वेग घसरतो. दोष घालवण्यासाठी योजलेला उपायच मग नवा दोष होऊन बसतो.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने बंगळूरमध्ये प्रशिक्षक निहार अमीन यांच्या मार्गदर्शनाखाली सराव केला. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवले. १९८६ मधील खजान सिंगच्या रौप्यपदकानंतर २४ वर्षांनी भारताला जलतरणात मिळालेले ते आशियाई पदक होते. ती शर्यत २५ सेकंदांच्या आत संपते. तेवढ्या अवधीत हात, पाय आणि श्वास यांचा वेगवेगळा विचार करण्यास सवड नसते. सारी क्रिया एकजीव होऊनच घडावी लागते. भाग कितीही निर्दोष घोटले, तरी ते एकजीव झाले नाहीत तर व्यर्थ होत.

अक्षर गिरवल्याने वळण येते. परंतु जन्मभर गिरवणाऱ्याला पत्र लिहिता येत नाही. ड्रिलचे स्थान असेच आहे. विशिष्ट दोष हेरून, त्याच्यापुरतेच, थोडा वेळ ते करावे आणि लगेच त्याच पाण्यात पूर्ण हात मारून पोहावे. ५० मीटर अंतर तेवढ्याच वेळात पण कमी हातांत पार झाले, तर ड्रिल कामी आले असे समजावे. अनेक दिवसांनंतरही फरक पडला नाही, तर ते सोडून द्यावे. ज्या मुलाला दिवसातून एकच तास तलाव मिळतो, त्याचा अर्धा तास केवळ प्रथा म्हणून ड्रिलमध्ये घालवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. प्रशिक्षकाने नेमून दिलेल्या प्रत्येक ड्रिलमागे ‘हे कशासाठी?’ या प्रश्नाचे उत्तर असले पाहिजे आणि ते उत्तर पाण्यात उतरणाऱ्या मुलालाही ठाऊक असले पाहिजे.