खोडणे नव्हे, पुरावा!

1 नोव्हेंबर 2014 रोजी कर्नाटक सरकारने बेळगावचे 'बेळगावी' केले. विकिपीडियाच्या पानावर ते नाव दिसताच खोडून टाकावे, असे सीमावासीय तरुणास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एकाच पानावरील दुसऱ्याचे लेखन तीनहून अधिक वेळा उलटविणाऱ्यास लेखनबंदी होऊ शकते. मग त्याची बाजू न्याय्य का असेना! हा नियम अन्यायाचा आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. तेथे मतभेद लेखाच्या चर्चापानावर मांडावयाचे असतात आणि मान असतो तो प्रसिद्ध, विश्वसनीय आधारास. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तोही पुराव्याच्याच बळावर. 1956 पासून ज्या जनतेने लोकशाहीचा मार्ग सोडला नाही, तिच्या तरुणांनी खोडणे सोडावे आणि कागदपत्रे बाहेर काढावीत.