थायरॉइड ‘नॉर्मल’, मग थकवा कशाचा?

अंग गळून जाणे, जिना चढताना दम लागणे, केस गळणे, कामात मन न लागणे अशा तक्रारी घेऊन आलेल्या स्त्रीला आजकाल सर्वप्रथम थायरॉइडची तपासणी सांगितली जाते. त्यात गैर काहीच नाही. थायरॉइडच्या विकाराची लक्षणे अशीच असतात आणि तपासणीही जालन्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी सहज होते. अडचण येते ती अहवाल आल्यावर. टीएसएचचा आकडा साधारणतः ०.४ ते ४ या मर्यादेत असला की ‘सारे काही नॉर्मल आहे’ असे सांगून चौकशीच थांबवली जाते. वस्तुतः त्या अहवालाचा अर्थ थकव्याचे कारण बहुधा थायरॉइड नाही, एवढाच असतो. थकवा नाही, असे तो म्हणत नाही.

मराठवाड्यातील स्त्रीच्या बाबतीत पुढचा संशय कोठे घ्यावा, हे शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे गोळ्यांचे वाटप चालू असतानाही आकडा चढलाच. बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्ताच्या मापनावर तज्ज्ञांनी आक्षेप घेतले आहेत व ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. परंतु सहाव्या फेरीतून हिमोग्लोबिनची तपासणीच वगळण्यात आली.

मुख्य मुद्दा याहूनही पुढचा आहे. हिमोग्लोबिन घसरते ते शेवटी. त्याआधी शरीरातील लोहाचा साठा रिता होतो आणि तो फेरिटिन या तपासणीतून कळतो. फ्रान्समधील ४४ दवाखान्यांत झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हिमोग्लोबिन पुरेसे पण फेरिटिन कमी असलेल्या थकलेल्या १९८ स्त्रियांपैकी काहींना बारा आठवडे रोज ८० मिलिग्रॅम लोह, तर इतरांना नुसत्याच दिखाऊ गोळ्या देण्यात आल्या. लोह घेणाऱ्यांचा थकवा सुमारे ४८ टक्क्यांनी, तर दुसऱ्या गटाचा २९ टक्क्यांनी उतरला. ‘थायरॉइड नॉर्मल, रक्तही बरे’ असे ऐकून परतलेल्या किती स्त्रिया या वर्गात मोडत असतील?

आपल्याकडे २०१८ पासून राबवल्या जाणाऱ्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ मोहिमेत उपचार ठरतो तो हिमोग्लोबिनवरून. फेरिटिनसाठी खासगी प्रयोगशाळेत गेल्यास शेतमजूर स्त्रीची दोन-तीन दिवसांची मजुरी सहज जाते. शिवाय अंगात जंतुसंसर्ग वा दाह असल्यास हा आकडा फसवा वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये एरवी १५ असलेली मर्यादा अशा प्रौढ रुग्णांसाठी ७० ठरवली. अहवालावरील ‘नॉर्मल’ हा शब्द येथेही जपूनच वाचावा लागतो.

ब-१२ जीवनसत्त्वाची कथा अशीच. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ग्रामीण, झोपडपट्टीतील व शहरी मध्यमवर्गीय अशा पुरुषांपैकी ६७ टक्के जणांत ते कमी आढळले. ज्या घरात मांसाहार नाही आणि दूध डेअरीला जाते, तेथे ते येणार कोठून? हातापायांना मुंग्या येतात का, हा साधा प्रश्न वेळीच विचारला तरी पुष्कळ कळते.

प्रश्न विचारण्याचीच वानवा आहे. पाळीत रक्तस्राव किती होतो, हे सासूसमोर कोणती सून सांगणार? शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ च्या शासकीय पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. जालन्यातूनही दरवर्षी कोयत्याच्या जोड्या कारखान्यांकडे निघतात. पहाटे उठून स्वयंपाक, मग दिवसभर तोडणी. अशा स्त्रीचा थकवा केवळ रक्तातून मोजता येणार नाही, हेही मान्य केले पाहिजे.

आहाराचा उपाय मात्र दाराशी आहे. भाकरीबरोबर वा लगोलग घेतलेला चहा लोहाचे शोषण रोखतो, तर क जीवनसत्त्व ते वाढवते. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. ती बागेतून थेट बाजारात जाते, तोडणाऱ्या मजूर बाईच्या ताटात क्वचितच येते. अर्थात रिता झालेला साठा मोसंबीने भरत नाही, त्याला औषधच लागते आणि तेही तपासणीनंतर. थॅलेसेमियासारख्या विकारात उगाच लोह घेणे घातक ठरू शकते.

याखेरीज मधुमेह, क्षय, घोरण्याबरोबर येणारा निद्राविकार आणि नैराश्य यांचाही विचार व्हायला हवा. यांतले शेवटचे नाव आपल्याकडे सर्वांत उशिरा घेतले जाते. एवढे सारे तपासूनही काही सापडले नाही, श्रमानंतर त्रास वाढतो आणि झोपूनही ताजेतवाने वाटत नाही, अशी अवस्था राहिली तर ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार सहा आठवड्यांनंतर दीर्घ थकवा विकाराचा संशय घ्यावा व तीन महिन्यांनंतर निदान पक्के करावे. त्या विकाराला आजही रक्ताची कोणतीही खात्रीची चाचणी नाही. निदान होते ते रुग्णाचे म्हणणे ऐकूनच.