चिठ्ठीवरची भाषा

बेळगाव-निपाणीचा प्रश्न म्हटला की १९५६ ची राज्यपुनर्रचना आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा एवढेच सामान्यतः आठवते. आमच्या कोकण-गोव्यातील कितीतरी घरांचे सोयरसंबंध त्या मुलखाशी आहेत. दाव्याचा निकाल लागायचा तेव्हा लागो. तेथील मराठी माणसाचे मन आजारी पडते ते निकालाची वाट पाहत थांबत नाही.

नैराश्य किंवा उन्मादाचा विकार घेऊन बाह्यरुग्ण विभागात गेलेल्या रुग्णाच्या हाती इंग्रजी चिठ्ठी पडते, सूचना कित्येकदा कानडीत मिळतात आणि त्यांचा अर्थ घरी मराठीत लावावा लागतो. सर्वत्र असेच घडते असे आम्ही म्हणत नाही. मराठी जाणणारे डॉक्टर तेथे पुष्कळ आहेत. पण जेथे घडते तेथे गाठ जिवाशी असते.

लिथियमचेच पाहा. त्याच्या उपकारक आणि अपायकारक मात्रेत अंतर फार थोडे. रक्त वेळोवेळी तपासावे लागते. जुलाबाने अंगातील पाणी घटले किंवा अंगदुखीवर आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेतली, तर तेच औषध विष ठरू शकते. सोडियम व्हॅल्प्रोएट गर्भास घातक, म्हणून मूल होण्याच्या वयातील स्त्रीला ते शक्यतो देऊच नये. नैराश्यावरील गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. हे न सांगितल्यास रुग्ण ती आठव्या दिवशी टाकून देतो. उलट, सुरुवातीच्या थोड्या दिवसांपुरती दिलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम त्याच रात्री झोप आणते, म्हणून तीच वर्षानुवर्षे चालू राहते. तिची सवय जडते आणि ती एकाएकी बंद केल्यास फेफरेही येऊ शकते. निपाणी तर तंबाखूची पेठ. विडीच्या धुराने ओलान्झापिनची रक्तातील मात्रा घटते, हे तेथील किती रुग्णांना कोणी सांगितले असेल?

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने संमतीची व्याख्याच अशी केली आहे की, उपचाराचे लाभ, धोके व पर्याय रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजेत. हा कायदा कर्नाटकासही बंधनकारक आहे. दुकानांच्या पाट्यांवरून सीमाभागात डोकी फुटली. औषधाच्या चिठ्ठीकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही, मराठी पुढाऱ्यांचेही नाही.

बेळगाव जिल्ह्यातील सरकारी व खासगी बाह्यरुग्ण विभागांनी या पाच-सहा औषधांची एकपानी मराठी माहिती रुग्णाच्या हाती द्यावी. धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेने मजकूर तपासून द्यावा, छपाईचा खर्च महाराष्ट्र सरकारने उचलावा. आणि जत-अक्कलकोटच्या कानडी रुग्णाला तेच पान कानडीत मिळावे, हेही आम्ही तितक्याच आग्रहाने म्हणतो.